चर बुजविण्यापूर्वी



तुमच्या शाळेच्या फाटकापुढचा रस्ता गेल्या वर्षभरात किती वेळा खणला गेला, हे जरा आठवून पाहा. पावसाळा सरला की पाण्याच्या नळासाठी, मग विजेच्या केबलसाठी, त्यानंतर स्वयंपाकाच्या गॅसच्या पिवळ्या नळीसाठी, आणि तिच्यावरची माती बसते न बसते तोच इंटरनेटच्या तारेसाठी. रस्ता पुन्हा पुन्हा का खणतात, यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येते. त्यात मी भर घालीत नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. पहार उचलून उभ्या असलेल्या त्या मजुराला, आपल्या पुढच्या घावाखाली काय आहे, हे ठाऊक असते काय?

बहुधा नसते. त्याला मुकादमाने चुन्याची एक रेघ दाखविलेली असते आणि इतके फूट खोल खण, असे सांगितलेले असते. मुकादमाला कंत्राटदाराने सांगितलेले असते. कंत्राटदाराकडे नकाशा असलाच तर तो ज्या वाहिनीसाठी खणायचे तिचा असतो; आधीपासून तेथे असलेल्या वाहिन्यांचा नसतो. मग घाव बसतो, ठिणग्या उडतात, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की, 'मजुराच्या निष्काळजीपणामुळे केबल तुटली.' हे वाक्य मला अन्यायाचे वाटते. जे दिसत नाही आणि ज्याविषयी कोणी सांगितलेही नाही, त्याची काळजी माणूस घेणार कशी? निष्काळजीपणा झाला असेल तर तो बहुतेक वेळा दहा-वीस वर्षांपूर्वी, त्याच जागी, चर बुजविताना झालेला असतो. तेव्हा ज्याने वाहिनी पुरली त्याने ती नेमकी कोठे पुरली हे लिहून ठेवले नाही. किंवा लिहिले, पण तो कागद दुसऱ्याच्या हाती लागेल अशी सोय केली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, वाहिनी टाकण्याचे काम माती लोटली की संपत नाही, नोंद झाली की संपते. हे म्हणणे पटावे म्हणून थोडे पदार्थविज्ञान पाहू, कारण 'आता यंत्रे निघाली आहेत, ती शोधून काढतील' असे उत्तर मला हमखास मिळते.

प्रथम त्या पहारीचाच विचार करा. पाच किलोग्रॅमची पहार चार मीटर प्रति सेकंद वेगाने खाली आली, तर तिची गतिज ऊर्जा अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने ४० ज्यूल येते. ती एक सेंटिमीटर अंतरात थांबली असे धरा. ४० ज्यूल भागिले ०.०१ मीटर, म्हणजे सरासरी बल ४,००० न्यूटन. पहारीच्या टोकाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर धरल्यास दाब होतो ४ कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ चारशे पट. मुरूम फोडायला हे उत्तम. पण मुरूम कोठे संपला आणि केबल कोठे सुरू झाली, हे पहारीला कळत नाही.

केबलच्या अंतर्भागात तांब्याचे वा ॲल्युमिनियमचे संवाहक, त्यांवर विद्युतरोधक आवरण, आणि त्याबाहेर पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत असते. हे चिलखत जमिनीशी जोडलेले असते. पहार चिलखत भेदून संवाहकाला भिडली की त्या दोहोंमध्ये लोखंडाचा पूल तयार होतो. रोध नाममात्र, त्यामुळे क्षणभर हजारो ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि विद्युतज्योत पेटते. तिचे तापमान काही हजार अंश असते. धातू वितळून उडतो. म्हणूनच अशा अपघातांत विजेच्या धक्क्यापेक्षा भाजण्याच्या जखमा अधिक आढळतात. चरात वाकून काम करणाऱ्याचे हात आणि चेहरा नेमके त्या ज्योतीसमोर असतात.

आता शोधयंत्राकडे वळू. १८२० साली ओर्स्टेड याला प्रवाहवाहक तारेजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली, हे तुम्ही वाचले आहे. मग रस्त्यावर होकायंत्र घेऊन फिरले की खालची केबल सापडेल, असे एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या मनात येईलच. करून पाहायला हरकत नाही, पण सुई ढिम्म हलणार नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणाऱ्या क्षेत्रामागे धावणे जड सुईला जमत नाही. शिवाय क्षेत्र आहेच किती? एकट्या तारेत १० ॲम्पिअर प्रवाह असेल तर एक मीटर अंतरावर त्याचे क्षेत्र २ मायक्रोटेस्ला. महाराष्ट्रात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे विसावा हिस्सा!

सुईऐवजी पुष्कळ वेढ्यांचे वेटोळे घेतले तर मात्र काम होते. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की त्यात विद्युतदाब प्रवर्तित होतो, हा फॅरडेचा नियम. क्षेत्र स्थिर नाही ही होकायंत्राची अडचण, तीच वेटोळ्याची सोय झाली. केबलशोधक यंत्रात असे वेटोळे आणि त्याचा क्षीण संकेत वाढविणारे परिपथ असतात. यंत्र केबलच्या डोक्यावर आले की आवाज वाढतो.

यात एक सुंदर गणित आहे. यंत्राच्या उभ्या दांड्यात, समजा, ४० सेंटिमीटर अंतराने एकावर एक अशी दोन वेटोळी बसविली आहेत. एकट्या लांब तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. खालच्या आणि वरच्या वेटोळ्यांतील संकेतांचे गुणोत्तर ३ : २ आले, तर केबल खालच्या वेटोळ्यापासून किती खोल? खोली 'ख' धरली, तर ख अधिक ४० भागिले ख बरोबर ३ भागिले २. उत्तर ८० सेंटिमीटर. दहावीच्या विद्यार्थ्याला हे तोंडी यावे. पदार्थविज्ञान रस्त्यावर उपयोगी पडते ते असे.

पण आता खरी गोम. हे गणित एकट्या तारेचे होते. रस्त्याखालच्या केबलमध्ये जाण्याचा आणि येण्याचा संवाहक शेजारी शेजारी असतात, आणि त्यांतील प्रवाहांच्या दिशा परस्परविरुद्ध. दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. संवाहकांमध्ये एक सेंटिमीटर अंतर असेल तर एक मीटरवर उरते ते मूळ क्षेत्राचा सुमारे शंभरावा हिस्सा. तीन कलांच्या केबलमध्ये तिन्ही प्रवाह सारखे असतील तर त्यांची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य असते, म्हणून तेथेही हीच गत. आणि सर्वांत धोक्याची स्थिती ही की, केबलला विद्युतदाब आहे, पण त्या घटकेला कोणी वीज वापरीतच नाही. प्रवाह नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून यंत्राचा आवाज नाही. परंतु पहार लागली तर ज्योत तेवढीच भयंकर. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दुपारी अशी मुकी असू शकते. 'यंत्र वाजले नाही' याचा अर्थ 'खाली काही नाही' असा घेणारा माणूस म्हणजे परीक्षानळीत रंग दिसला नाही म्हणून पाणी पिऊन पाहणारा विद्यार्थीच!

यावर तंत्रज्ञांनी तोड काढली आहे. केबलच्या उघड्या टोकाशी प्रक्षेपक जोडून निराळ्या वारंवारतेचा संकेत तिच्यात सोडायचा (३३ किलोहर्ट्झ ही नेहमीच्या वापरातली एक वारंवारता) आणि वर तेवढाच संकेत ऐकत चालायचे. ही रीत पुष्कळच भरवशाची आहे. मात्र शेजारून दुसरी केबल वा लोखंडी नळ जात असेल तर संकेत त्यावरही उडी मारतो आणि यंत्र भलतीच वाट दाखविते. आणि मुळात संकेत सोडायचा तर केबल तेथे आहे हे ठाऊक हवे, तिचे टोक सापडायला हवे. पुन्हा प्रश्न नोंदीपाशीच आला.

याहून अवघड गोष्ट प्लास्टिकची. घरगुती गॅसच्या पिवळ्या नळ्या पॉलिएथिलीनच्या, पाण्याच्या पुष्कळशा नव्या नळ्या प्लास्टिकच्या, आणि प्रकाशतंतू तर काचेचा. यांतून प्रवाह वाहत नाही. फॅरडेचे वेटोळे त्यांच्यापुढे आंधळे आहे. म्हणून अशा नळीबरोबर मुद्दाम एक तांब्याची माग-तार टाकतात. टाकली असेल आणि मध्ये तुटली नसेल, तर नळी शोधता येते. एरवी रडार उरते. जमिनीत रेडिओतरंग सोडायचे आणि परावर्तन किती वेळाने येते ते मोजायचे. कोरड्या मातीत हे तरंग साधारणपणे एका नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर जातात, तेव्हा एक मीटर खोल असलेल्या नळीचा प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांत परततो. वाळूत हे झकास चालते. आपल्या देशावरच्या ओल्या काळ्या मातीत मात्र चालत नाही. चिकणमाती आणि ओलावा यांमुळे ती विजेची बरी वाहक असते आणि तरंग थोड्याच खोलीत विरून जातात. भराव दगडविटांचा असेल तर प्रत्येक दगड प्रतिध्वनी देतो. रडारचा पडदा वाचणे हे क्ष-किरणचित्र वाचण्याइतके कसबाचे काम आहे.

मग जुन्या लोकांनी काय केले होते? त्यांनी मातीतच निरोप लिहून ठेवला होता. केबल चरात नुसती टाकीत नाहीत. खाली वर चाळलेली वाळू घालतात आणि त्या वाळूवर विटांचा किंवा फरशांचा थर देतात. काही ठिकाणी त्याच्या वर रंगीत प्लास्टिकची पट्टी पसरतात. विटांमुळे केबलचे रक्षण होते ते थोडेच. त्यांचे मोठे काम म्हणजे खणणाऱ्याला थांबविणे. साध्या मातीत एकाएकी स्वच्छ वाळू लागली किंवा ओळीने मांडलेल्या विटा लागल्या, तर त्या आपोआप तेथे आल्या नाहीत. तेथे पहार खाली ठेवावी, लाकडी दांड्याचे फावडे तिरके धरून हलक्या हाताने माती बाजूला करावी आणि वाहिनीच्या मालकाला बोलवावे. हे ज्या मजुराला कोणी एकदा नीट सांगितले तो जन्मभर विसरत नाही. सांगायला पाच मिनिटे लागतात. कामाच्या पहिल्या दिवशी ही पाच मिनिटे का निघू नयेत?

खोलीवर भरवसा ठेवणारेही पुष्कळ आहेत. भारतीय मानक १२५५ प्रमाणे कमी दाबाची केबल निदान ७५ सेंटिमीटर, ३.३ ते ११ किलोव्होल्टची ९० सेंटिमीटर आणि ३३ किलोव्होल्टची १०५ सेंटिमीटर खोल हवी. प्रकाशतंतूंसाठी आपल्या दूरसंचार खात्याने रूढ केलेली खोली १६५ सेंटिमीटर. तर मग 'दीड फूट खणायला काय हरकत आहे?' असे म्हणतात. पण खोली मोजली गेली ती केबल टाकली त्या दिवशीच्या पृष्ठभागापासून. पुढे रस्त्याचा चढ उतरविला, पदपथ खाली घेतला, पावसाने ओढ्याकाठची माती वाहून गेली, तर केबल होती तेथेच राहते आणि जमीन तिच्याजवळ येते. वाटेत खडक लागला म्हणून केबल उथळ घेतली, असेही घडते. मानक हे केबल टाकणाऱ्यासाठी आहे. खणणाऱ्याने त्याला हमीपत्र समजू नये.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आता पुष्कळ वाहिन्या चर न खणताच टाकतात. एक यंत्र रस्त्याच्या या बाजूने जमिनीत आडवे छिद्र पाडीत जाते, दूर दुसऱ्या टोकाला बाहेर निघते आणि परत येताना नळी आपल्यामागे ओढून आणते. रस्ता फोडावा लागत नाही, वाहतूक अडत नाही, लोक खूष. पण या रीतीत चरच नाही, म्हणून वाळू नाही, विटा नाहीत, पट्टीही नाही. मातीतला जुना निरोप पुसला गेला. शिवाय ते आंधळे छिद्र वाटेत एखाद्या गटाराच्या नळातून आरपार गेले, तरी वरच्यांना पत्ता लागत नाही. आणि त्यातून गॅसची नळी ओढली गेली, तर पुढे कधीतरी गटार साफ करणाऱ्याच्या हत्याराने ती फुटते. गंमत अशी की, छिद्र पाडताना यंत्राच्या टोकाशी असलेला प्रक्षेपक आपली जागा आणि खोली पावलोपावली वर कळवीत असतो. म्हणजे माहिती जन्मते, चालक ती पाहतो, आणि मग काम संपल्यावर ती कोठेतरी एका वहीत पडून राहते. ही वही सार्वजनिक झाली पाहिजे. कंत्राटाचे शेवटचे बिल या नोंदीवाचून देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढी आस्था कशाला, असे वाटत असेल तर दोन-तीन घटना सांगतो. २०२३ च्या मार्चअखेरीस मुंबईत महिनाभरासाठी १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. पाऊस कमी झाला नव्हता. मुंबईकडे पाणी आणणाऱ्या जलबोगद्याला ठाण्यात एका कूपनलिकेच्या खोदाईने भोक पडले होते आणि दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागला. कोठेतरी एका जागी खालच्या बोगद्याची रेघ पाहायची राहून गेली आणि लक्षावधी घरांतल्या बादल्या महिनाभर कमी भरल्या. २०११ साली जॉर्जिया देशात पंचाहत्तर वर्षांची एक वृद्धा तांब्याच्या शोधात जमीन उकरीत होती. तिच्या फावड्याने प्रकाशतंतूंची वाहिनी तुटली आणि शेजारच्या आर्मेनियातील बहुतेक इंटरनेट काही तास बंद पडले. काचेच्या तंतूत बिचारीला तांबे तरी कोठून मिळणार!

तिसरी घटना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममध्ये गिलेंगिएन या औद्योगिक वसाहतीत नैसर्गिक वायूची भूमिगत नळवाहिनी फुटली. चोवीस माणसे मरण पावली, सव्वाशेहून अधिक जखमी झाली. वायूचा वास आला म्हणून धावून आलेले अग्निशामक दलाचे जवान मृतांत होते. त्या दिवशी तेथे कोणी नळीवर घाव घातलेला नव्हता. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी बांधकामावरच्या एका यंत्राने नळीचे पोलाद खरवडले होते. नळी तेव्हा फुटली नाही. माती लोटली गेली, बभ्रा झाला नाही. पुढे वाहिनीतला दाब वाढविला गेला, सुमारे ८० वातावरणांपर्यंत, आणि मग ती फुटली. नळीच्या भिंतीतील ताण दाबाच्या आणि व्यासाच्या सम प्रमाणात, आणि भिंतीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. खरवडून जाडी अर्धी झाली की तेथला ताण दुप्पट. एवढे साधे गणित, आणि ते करण्याची संधी कोणालाच मिळाली नाही, कारण खरवडल्याची खबर नळीच्या मालकापर्यंत वेळेवर पोचलीच नाही.

ही घटना मी वर्गात नेहमी सांगतो, कारण तिच्यात शिक्षेचा प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे केबलला धक्का लागला की पहिला विचार येतो तो 'आता भरपाई कापतील' हा. रोजावर काम करणाऱ्याची आठवड्याची मजुरी जाणार असेल, तर तो ओरखडा मातीखाली झाकील. त्याच्या जागी आपणही तेच करू. म्हणून लागलेल्या धक्क्याची खबर देणाऱ्या मजुराला दंड होता कामा नये. दंड असेल तर न विचारता खणायला लावणाऱ्याला असावा.

विचारायचे कोणाला, हा प्रश्न आता पूर्वीइतका निरुत्तर राहिलेला नाही. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक देशभर चालतो. खणण्याच्या काही दिवस आधी तो फिरवायचा. मग वाहिन्यांचे मालक येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळा, दूरध्वनीसाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा, सांडपाण्यासाठी हिरवा. आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंत यंत्र न लावता हाताने खणायचे. आपल्याकडे २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप सुरू झाले. ते सुरू करताना सरकारने सांगितलेला आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: देशात दर वर्षी प्रकाशतंतूंच्या वाहिन्या सुमारे दहा लाख वेळा तुटतात आणि नुकसान सुमारे ३,००० कोटी रुपयांचे होते. हा आकडा नुसत्या प्रकाशतंतूंचा. वीज, पाणी, गॅस वेगळे. ॲप ही चांगली सुरुवात आहे, त्याविषयी मला तक्रार नाही. परंतु ॲप म्हणजे विचारण्याची खिडकी. खिडकीच्या आतल्या माणसापाशी नकाशा नसेल, किंवा असलेला नकाशा खरा नसेल, तर विचारून उपयोग काय? नव्या वाहिन्या नकाशावर येतील. शहरांच्या जुन्या भागांतील, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या वाहिन्या येण्यासाठी जमीन जेव्हा जेव्हा उघडेल तेव्हा तेव्हा खाली दिसले ते टिपून घ्यावे लागेल. कोणत्याही खात्याने खणो, चरात जे जे उघडे पडले त्या सर्वांची नोंद त्याने करावी. आपल्या वाहिनीपुरते डोळे उघडे ठेवू नयेत.

तुमच्या डोळ्यांदेखत असा अपघात घडला तर काय करावे, हेही येथेच सांगून टाकतो. पाठ्यपुस्तकात ते नाही. विजेची वाहिनी तुटून प्रवाह जमिनीत शिरू लागला, की त्या बिंदूभोवतीच्या जमिनीलाच विद्युतदाब येतो आणि तो दूर जाऊ तसा उतरत जातो. माती सर्वत्र सारखी, तिची रोधकता १०० ओहम-मीटर आणि प्रवाह ५० ॲम्पिअर असे धरून हिशेब केला, तर दोन मीटरवर दाब येतो सुमारे ४०० व्होल्ट आणि पाऊण मीटर पुढे, पावणेतीन मीटरवर, सुमारे २९०. म्हणजे तेथे एक ढांग टाकली तर दोन पायांत ११० व्होल्टचा फरक! दहा मीटरवर तीच ढांग टाकली तर फरक जेमतेम सहा व्होल्ट. तेव्हा मदतीला धावत जवळ जाऊ नये. जवळ सापडलाच असाल तर पावले न उचलता, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून जमिनीवर घासत घासत दूर व्हावे. खोदयंत्राच्या चालकाने आत बसून राहावे. आगच लागली तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी, दोन्ही पाय जुळवून, उडी घ्यावी. 'वीज गेली, आता भीती नाही' असेही समजू नये, कारण दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी वाहिनी पुन्हा चालू केली जाऊ शकते. वीज कंपनीला १९१२ वर किंवा कोणत्याही संकटाच्या वेळी ११२ वर कळवावे.

गॅसची नळी फुटली तर गोष्ट निराळी. नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की स्फोटक होतो. त्याला स्वतःचा वास नसतो. वास मुद्दाम घातलेला असतो, आणि मातीतून झिरपताना तो कमी होऊ शकतो. त्यामुळे वास मंद आहे म्हणून गळती किरकोळ, असा निष्कर्ष काढू नये. इंजिन सुरू करणे, दिव्याचे बटण दाबणे, जवळ उभे राहून फोन करणे, सारे वर्ज्य. दूर जावे, इतरांना दूर करावे, मग कळवावे. आणि फुटलेल्या नळीवर माती मुळीच लोटू नये. वायू कोंडला की तो मातीतल्या मोकळ्या वाटांनी, जुन्या चरांतून आणि गटारांतून, एखाद्या घराच्या तळघरात जाऊन साठतो.

आता शिक्षकांशी दोन शब्द. चुंबकीय क्षेत्र शिकविताना लोहकीस आणि कागद यांपलीकडे आपण फारसे जात नाही. माझी सूचना अशी की, प्रत्येक शाळेने आपल्या आवाराचा जमिनीखालचा नकाशा काढावा. खणायचे काही नाही. पाण्याची टाकी कोठे, नळ कोठे कोठे निघतात, विजेचा मीटर कोठे, तेथून केबल इमारतीत कशी येते, सांडपाण्याची झाकणे कोठे, मैदानाकडेच्या दिव्याला वीज कोठून जाते, हे विद्यार्थ्यांनी शिपाईमामांना, जुन्या शिक्षकांना, नळदुरुस्ती करणाऱ्याला विचारून टिपावे. दिसणाऱ्या टोकांमध्ये तुटक रेघ काढावी आणि 'अंदाज' असे लिहावे. प्रत्यक्ष पाहिलेली वाहिनी असेल तरच सलग रेघ. अनुमान आणि निरीक्षण यांतला फरक शिकविण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला तरी सुचत नाही.

मोजमाप मात्र पक्के हवे. 'निंबाच्या झाडापासून चार पावले' किंवा 'टपरीसमोर' अशा नोंदी मी पाहिल्या आहेत. झाड जाते, टपरी हलते. इमारतीचे दोन कोपरे निवडा. वाहिनीवरच्या बिंदूचे दोन्ही कोपऱ्यांपासूनचे अंतर मोजपट्टीने घ्या. कागदावर प्रमाणात दोन वर्तुळे काढली की ती दोन ठिकाणी छेदतात. त्यांतला एक बिंदू बहुधा इमारतीच्या आत पडतो, तो सोडून द्यावा. आणि कधी आवारात चर खणला गेलाच, तर मधल्या सुट्टीत कोणीतरी मोठ्यांच्या देखरेखीखाली, चराच्या काठापासून दूर राहून, आत उभी मोजपट्टी दिसेल असे एक छायाचित्र घ्यावे. त्यावर तारीख लिहावी आणि ते नकाशासोबत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. हे सगळे चर बुजविण्याआधी व्हायला हवे. बहुतेक ठिकाणी चर सकाळी खणतात आणि संध्याकाळी बुजवितात.